अमरावती की नागपूर? इंजिनीअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी दोन विद्यापीठं कशी तपासायची

दरवर्षी पाऊस लागला की माझ्या केंद्राच्या बाकड्यावर तोच प्रसंग घडतो. मुलगा गप्प बसलेला, बाप दुपट्ट्याने घाम पुसतोय आणि ऑप्शन फॉर्मची, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम लिहून द्यायच्या फॉर्मची, शेवटची तारीख आजचीच. "भाऊ, नागपूरवालं वर टाका. अमरावतीवालं तर भेटतेच." काहून वर, असं विचारलं तर बाप मुलाकडे बघतो, मुलगा मोबाइलकडे.

दारव्ह्यात मी ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम करतो. फॉर्म अर्ध्या तासात भरून होतो. ठरवायला मात्र पंधरा दिवस लागतात, आणि ते पंधरा दिवस लोक वाया घालवतात. त्या दिवसांत काय करायचं ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरणं आमच्या यवतमाळ जिल्ह्याची आहेत, पण वाशीम, बुलढाणा, वर्धा, गोंदियाच्या घरांनाही हाच क्रम लागू पडेल.

## टप्पा 1: वही, कागद आणि मोबाइल नंबर

शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर अमरावती, उजव्या पानावर नागपूर. पण नुसतं "अमरावती विद्यापीठ" लिहू नका. "अमुक कॉलेज, अमुक ब्रँच" असं लिहा. विद्यापीठ परीक्षा घेतं, निकाल लावतं, डिग्री देतं. शिकवतं कॉलेज. त्यामुळे खरी तुलना दोन जोड्यांची असते: एका विद्यापीठातल्या एका कॉलेजची एक ब्रँच आणि दुसऱ्या विद्यापीठातल्या एका कॉलेजची तीच ब्रँच. इकडचं मेकॅनिकल आणि तिकडचं कॉम्प्युटर यांची तुलना केली तर ती ब्रँचची तुलना झाली, विद्यापीठाची नाही. ब्रँच आधी ठरवा.

कोणते जिल्हे कुठे, हेही एकदा लिहून ठेवा. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया. चंद्रपूर आणि गडचिरोली हे गोंडवाना विद्यापीठात. शिवाय विदर्भातली काही इंजिनीअरिंग कॉलेजं रायगड जिल्ह्यातल्या लोणेरे इथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणजे इमारत आपल्या जिल्ह्यात, पण पेपर आणि डिग्री लोणेरेची. पाटीवर हे बारीक अक्षरात असतं.

कागद: डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस. यातली जात वैधता सगळ्यात जास्त वेळ खाते. अकरावीतच अर्ज टाका. नॉन-क्रिमीलेअर पुढच्या 31 मार्चपर्यंत वैध हवं. मोठ्या भावाच्या वेळचं चालत नाही.

सावधान: नोंदणी करताना मोबाइल नंबर मुलाचा किंवा बापाचाच द्या, केंद्रवाल्याचा नाही. माझाही नाही. ओटीपी त्या नंबरवर येतो आणि पुढचे दोन महिने सगळं त्याच्यावर चालतं. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहा.

## टप्पा 2: तुमची होम युनिव्हर्सिटी कोणती ते पक्कं करा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

विद्यापीठाखालच्या खासगी कॉलेजांत कॅपच्या (म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून भरायच्या) जागा साधारण 70 टक्के त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना अशा वाटलेल्या असतात. क्षेत्रातला म्हणजे होम युनिव्हर्सिटीचा, बाहेरचा म्हणजे अदर दॅन होम. हे ठरतं मुलगा बारावी कुठून पास झाला त्यावरून. रेशनकार्ड, सातबारा, बापाचा पत्ता, डोमिसाईल, यांचा इथे संबंध नाही.

2019 मध्ये मी माझ्याच भाच्याचा फॉर्म भरला. घर दिग्रसजवळ, तीन पिढ्यांचं शेत तिथेच. पण अकरावी-बारावी त्याने नागपूरच्या कॉलेजातून केली होती. मी सवयीने अमरावतीची कॉलेजं "आपली" धरली, आपल्या क्षेत्राचा रकाना बघून यादी लावली आणि निवांत झालो. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीतही नाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला: पोट्टा अमरावतीत बाहेरचा होता आणि नागपुरात घरचा. ज्या नागपूरच्या कॉलेजला त्याचे गुण सहज पुरले असते, ते मी यादीतच घेतलं नव्हतं. शेवटी पंधराव्या का सोळाव्या पर्यायावर तो गेला. बहीण अजून दिवाळीला ऐकवते.

याच्या उलटही असतं. मुलगा दोन वर्षं लातूरला क्लासला राहिला, पण नाव तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात होतं आणि गुणपत्रिकाही तिथलीच. तर तो अमरावतीचाच. नाव एकीकडे आणि मुलगा दुसरीकडे हे बरं की वाईट, तो वेगळा विषय.

तपासणी: बारावीची गुणपत्रिका काढा, कॉलेज कोणत्या जिल्ह्यातलं ते बघा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा: "होम युनिव्हर्सिटी: ____". नोंदणीनंतर फॉर्मच्या प्रिंटवरही हीच ओळ छापून येते. दोन्ही जुळत नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 3: कटऑफची यादी योग्य रकान्यातून वाचा

सीईटी सेलच्या, म्हणजे प्रवेश परीक्षा आणि प्रवेश फेऱ्या घेणाऱ्या राज्याच्या कार्यालयाच्या, संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या कटऑफच्या पीडीएफ असतात. फेरीनुसार वेगळ्या. कॉलेजच्या नावाखाली होम युनिव्हर्सिटी कोणती ते लिहिलेलं असतं. लोणेरेशी संलग्न कॉलेज असेल तर विशेषतः ही ओळ वाचा, अंदाज करू नका. काही स्वायत्त सरकारी कॉलेजांच्या जागा राज्यस्तरावर भरतात. तिथे घरचा-बाहेरचा हा भेद नसतो.

मग रकाने. जी-ओपन-एच, एल-ओबीसी-ओ, जी-एससी-एस अशी जोडाक्षरांसारखी नावं दिसतील. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींच्या राखीव जागा. मधे प्रवर्ग. शेवटी एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचा, एस म्हणजे राज्यस्तर. रकान्यात वर एक आकडा आणि खाली कंसात एक. वरचा गुणवत्ता क्रमांक, कंसातला पर्सेंटाईल, म्हणजे किती टक्के परीक्षार्थी मागे राहिले तो आकडा. क्रमांकाला गुण समजणारे लोक मी पाहिले आहेत, त्यात एक मास्तरही होते.

समजा, मुलगा ओबीसी, 84 पर्सेंटाईल, बारावी दारव्ह्याहून. नागपूरच्या एका कॉलेजला ओबीसीच्या एच रकान्यात 82 आणि ओ रकान्यात 88 दिसतं. आकडे समजुतीपुरते आहेत. घरात बोलणं होतं, "आपल्याले 84 हायेत, लागतेच." लागत नाही. याच्यासाठी 82 हा आकडा अस्तित्वातच नाही, त्याने 88 कडे बघायचं. तेच कॉलेज उमरेडहून बारावी झालेल्या मुलाला 84 वर मिळेल.

वहीत प्रत्येक जोडीसमोर तुमच्या रकान्यातले मागच्या दोन-तीन वर्षांचे आकडे लिहा, आणि फेरी तीच ठेवा. एका कॉलेजची पहिली फेरी आणि दुसऱ्याची शेवटची फेरी अशी तुलना सर्रास होते. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांत बऱ्याच जागा त्या समाजाच्या किंवा भाषेच्या मुलांसाठी असतात, तेव्हा तिथली एकूण जागांची संख्या बघून हुरळून जाऊ नका.

## टप्पा 4: विद्यापीठ म्हणून काय तपासायचं

फार नाही, तीनच गोष्टी.

निकाल कधी लागतो. दोन्ही विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर हिवाळी आणि उन्हाळी परीक्षांची वेळापत्रकं आणि निकाल असतात. मागच्या दोन वर्षांच्या, तुमच्या ब्रँचच्या शेवटच्या पेपरची तारीख आणि निकालाची तारीख समोरासमोर लिहा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा 2016 प्रमाणे निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लागायला हवा. कुठे किती दिवस लागले ते मोजा. अंतिम वर्षाचा निकाल लांबला तर कंपनीत रुजू व्हायची तारीख हुकते, एम.टेक.चा प्रवेशही अडतो. "अमरावतीचे निकाल असे, नागपूरचे तसे" ही चहाच्या टपरीवरची मतं जुनी असतात. तारखा बघा.

नापास झाल्यावर काय. किती विषय राहिले तर पुढच्या वर्षात जाता येतं, पुनर्मूल्यांकनाला किती दिवस मिळतात, राहिलेला विषय लगेच पुढच्या सहामाहीत देता येतो की वर्षभर थांबावं लागतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचा पहिल्या सेमिस्टरला गणित किंवा ग्राफिक्स राहणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. मी इतके फॉर्म भरले, पण हा प्रश्न आधी विचारणारे पालक एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

कॉलेज स्वायत्त आहे का. असेल तर अभ्यासक्रम, पेपर, निकाल सगळं कॉलेजचं, डिग्री विद्यापीठाची. मग वरच्या दोन्ही गोष्टी विद्यापीठाच्या नाही, त्या कॉलेजच्या तपासायच्या. एकाच विद्यापीठातल्या स्वायत्त आणि संलग्न कॉलेजांत यामुळे मोठा फरक पडतो.

बी.ई. की बी.टेक. यावर वेळ घालवू नका. दोन्हींची किंमत सारखीच.

सावधान: "आता इथे घेऊ, दुसऱ्या वर्षाला नागपूरला बदली करू," हा बेत करू नका. तिकडे त्याच ब्रँचला जागा रिकामी हवी, दोन्हीकडची संमती हवी आणि अभ्यासक्रम जुळायला हवा. जिथे चार वर्षं काढायची तयारी नाही तिथे प्रवेश घेऊ नये.

## टप्पा 5: कॉलेजला स्वतः जाऊन या

दोनच कॉलेजं, कामाच्या दिवशी, न सांगता. प्रवेश मेळाव्याला गेलात तर समोसा मिळेल, माहिती नाही.

गेटवरच्या फलकावर नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, श्रेणी असते. ती पूर्ण कॉलेजची. तुमच्या ब्रँचला एनबीएची (तांत्रिक अभ्यासक्रम तपासणारी संस्था) मान्यता आहे का आणि ती कोणत्या वर्षापर्यंत, हे वेगळं विचारा. एनबीए ब्रँचनुसार मिळते; एका ब्रँचची मान्यता दुसरीला लागत नाही.

मग लॅबकडे. मी एकदा फेब्रुवारीत एका पालकासोबत गेलो होतो, म्हणजे सेमिस्टर भरात असायला हवं. लॅबच्या दाराशी टेबलावर नोंदवही होती. बाप सातवी शिकलेला, पण त्याने ती उघडून शेवटची सही शोधली: ऑक्टोबरची. आत कॉम्प्युटर पंचवीस-तीस, वर प्लास्टिकची झाकणं, झाकणांवर धूळ इतकी की बोटाने नाव लिहिता यावं. आम्ही चहाही न घेता परत निघालो. गाडीत तो एवढंच म्हणाला, "आपल्या गोदामात बी एवढी धूळ नसते राजा."

पहिल्या वर्षाच्या मुलांना काही विचारू नका, ते अजून नवलाईत असतात. तिसऱ्या वर्षाचा मुलगा गाठा. त्याला तीन प्रश्न: तुझ्या ब्रँचला कायमचे शिक्षक किती? मागच्या सेमिस्टरला किती मास्तर मधेच सोडून गेले? तुझ्या वर्गातले किती जण सगळे विषय पास आहेत?

प्लेसमेंटच्या फलकावरचं सगळ्यात मोठं पॅकेज विसरा. ब्रँचमध्ये मुलं किती आणि त्यातल्या किती मुलांना नोकरी लागली, हे विचारा. एका मुलाच्या तीन ऑफर तीन म्हणून मोजलेल्या असू शकतात. आणि ज्या नव्या ब्रँचची अजून एकही बॅच बाहेर पडलेली नाही, तिचा त्या फलकाशी काही संबंध नाही. सरकारी नोकरी डोक्यात असेल तर महावितरण किंवा एमपीएससीच्या जुन्या जाहिराती काढा आणि त्यात ब्रँचचं नाव कसं लिहिलंय ते बघा.

## टप्पा 6: पैसा, महिन्याच्या हिशेबाने

फी किती, हे कॉलेजच्या माणसाला विचारण्याआधी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघा. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची मंजूर फी तिथे असते. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगळं लिहा, कारण सवलत शिक्षण शुल्कावर बसते. खुल्या वर्गातल्या 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घराला राजर्षी शाहू महाराज योजनेत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, ओबीसीलाही निम्मं. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना त्याच उत्पन्न मर्यादेत पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे. पण हे कॅपमधून मिळालेल्या जागेला. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की हे सगळं विसरा. "तेवढीच फी हाय, फक्त लवकर पक्की होते" असं सांगणारा एजंट ही एक ओळ गाळतो. खासगी विद्यापीठाचा विचार असेल तर कोणती शिष्यवृत्ती लागू आहे ते त्यांच्याकडून लेखी घ्या.

टीएफडब्ल्यूएसची जागा मिळाली तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ होतं. तिचा कोड वेगळा असतो, शेवटी टी अक्षर. तो वेगळा पर्याय म्हणून भरावा लागतो.

आता राहण्याचा खर्च. यवतमाळचं कॉलेज असेल तर दारव्ह्याहून रोज एसटीने जाणं-येणं जमतं; विद्यार्थी पास आहे. नागपूर म्हणजे खोली, मेस, आत शहरात फिरणं, महिन्यातून एकदा गावी येणं. दोन्ही पानांवर महिन्याचा आकडा लिहा आणि 48 ने गुणा. चार वर्षं म्हणजे 48 महिने. सुट्ट्यांतही खोलीचं भाडं सुटत नाही.

आमच्याकडे आणखी एक अडचण आहे, जी शहरातल्या लेखांत सापडत नाही. फी भरायची वेळ जुलै-ऑगस्टची. तेव्हा बियाणं, खत, डवरणी, फवारणी यात हातचा पैसा गेलेला असतो. कापसाचा पैसा दसरा-दिवाळीच्या पुढे. म्हणून कॉलेजच्या अकाउंट विभागात जाऊन विचारा: पहिला हप्ता किती, दुसरा डिसेंबरात चालेल का? उत्तर लेखी मागा. शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर बँकेत मे महिन्यातच जा. बापाचं पीककर्ज थकलेलं असेल तर तिथेच गाडी अडते, आणि हे ऑगस्टमध्ये कळून उपयोग नाही.

तपासणी: दोन्ही पानांखाली एकेक आकडा असायला हवा: चार वर्षांचा एकूण खर्च, सवलत वजा करून. तो नसेल तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

## टप्पा 7: पर्यायांचा क्रम लावा

कॉम्प्युटर जागा कशी देतो ते आधी समजून घ्या. तो मुलाचा गुणवत्ता क्रमांक घेतो आणि त्याची यादी वरून खाली वाचत जातो. जिथे पहिल्यांदा जागा बसते तिथे थांबतो. वर "न मिळणारं" कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. त्यामुळे कटऑफप्रमाणे क्रम लावायची गरज नाही. आवडीप्रमाणे लावा.

पण आवड खरी हवी. 2025-26 मध्ये नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या 3 मधला आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या 6 मधला पर्याय मिळाला, तर ती जागा घ्यावीच लागते. न घेतल्यास पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतलं हे पान छापून वहीला लावा. "असंच टाकून बघू" म्हणून वर ठेवलेलं नागपूरचं कॉलेज पहिल्याच फेरीत लागलं आणि घरात रडारड झाली, असं मी दोनदा पाहिलंय.

क्रम लावायची माझी पद्धत साधी आहे. यादीतल्या लागून असलेल्या कोणत्याही दोन ओळींवर बोट ठेवा आणि मुलाला विचारा, "हे दोन्ही आज मिळाले, तर बॅग कुठे नेशील?" उत्तर वरच्या ओळीचं यायला हवं. नाही आलं तर अदलाबदल करा. शेवटपर्यंत असंच जा. विचारायचं मुलाला. बाप, काका आणि मी, तिघांनीही गप्प बसायचं.

माझं मत विचाराल तर: ब्रँच तीच, शिक्षक आणि निकाल दोन्हीकडे सारखे असतील, तर घराजवळचं वर ठेवा आणि वाचलेल्या पैशात चांगला लॅपटॉप घ्या. नागपूरचं कॉलेज टप्पा 4 आणि 5 मध्ये उघड उजवं ठरलं तर मात्र खर्चाला घाबरू नका. नुसतं शहराचं नाव म्हणून नागपूर, याला मी कौल देणार नाही.

जिथे कधीच जाणार नाही ते कॉलेज यादीत शेवटीही टाकू नका. शेजारच्या मुलाची यादी उतरवू नका; त्याचा प्रवर्ग आणि बारावीचा जिल्हा वेगळा असू शकतो. टीएफडब्ल्यूएसचा कोड त्याच कॉलेजच्या साध्या कोडच्या वर ठेवा, खाली ठेवला तर तो वाचलाच जाणार नाही.

सावधान: फॉर्म कन्फर्म केल्यावर त्या फेरीसाठी बदलता येत नाही. कन्फर्मच्या आधी एक प्रिंट काढा, घरी न्या, रात्रभर राहू द्या. म्हणूनच शेवटच्या दिवशी येऊ नका म्हणतो.

## टप्पा 8: जागा लागल्यानंतरचे दिवस

जागा लागली की लॉगिनमध्ये जाऊन जागा ज्या माहितीवर मिळाली ती बरोबर आहे का याची आधी स्वतः पडताळणी करायची, मग ठरवायचं: जागा कायम ठेवायची की पुढच्या फेरीत वरचा पर्याय बघायचा. वरचा मिळाला तर आधीची जागा आपोआप जाते. दोन्ही हातात राहत नाहीत. जागा स्वीकारायची फी भरल्याशिवाय यातलं काहीच धरलं जात नाही.

कायम केली की मुदतीत कॉलेजात प्रत्यक्ष हजर व्हा. ऑनलाइन पैसे भरले म्हणजे प्रवेश झाला असं समजून पोळ्यापर्यंत घरी बसलेला मुलगा मला माहीत आहे. टीसी मूळ द्यावी लागते, त्याआधी तिच्या पाच-सहा झेरॉक्स काढा. मूळ जात वैधता कोणी ठेवून घ्यायला मागितली तर पोच मागा. प्रवेश रद्द करायचा असेल तर जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या आत करा, त्यात 1000 रुपये कापून बाकी फी परत मिळते.

महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, अर्ज त्याच आठवड्यात. मुलाचं बँक खातं आधारला नुसतं जोडलेलं असून भागत नाही, शिष्यवृत्ती जमा व्हायला त्याच खात्याचं आधार सीडिंग (आधारवर येणारे सरकारी पैसे याच खात्यात टाका, ही नोंद) झालेलं लागतं. बँकेत "आधार लिंक आहे" म्हणतात, तेवढ्यावर उठू नका. सीडिंग कोणत्या बँकेत दिसतंय ते स्क्रीनवर दाखवायला सांगा. दोन खाती असतील तर पैसा भलत्याच खात्यात जातो, आणि ते खातं बहुतेक वेळा दहावीच्या शिष्यवृत्तीला काढलेलं, पासबुक हरवलेलं असतं.